मास्तरांच्या पाठीखाली

मी एक रबराची रिंग बोलतेय. हवा भरून आजारी माणसाच्या कमरेखाली सरकवतात, ती. ज्यांच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलंय त्यांनी मला पाहिलं असेल. बाकीच्यांवर ती वेळ न येवो. अंगाने मी गोल, रंगाने विटकरी, मधोमध भलंमोठं भोक आणि कडेला एक छोटी नळी. नळीतून फुंकलं की मी फुगते. फुगणं हा माझा जन्मजात स्वभाव, आणि तोच मला नडला. लोक माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलायचे की मीही ते खरं धरून चालले. आज जे सांगणार आहे त्यात माझी शोभा नाही. पण खोटं बोलून मला आता मिळवायचंय तरी काय?

माझा जन्म कारखान्यातला. तापलेल्या साच्यात दाबून मला घडवलं आणि बाहेर काढून थंड करायला टांगलं. मग एक बाई आम्हा सगळ्यांना फुगवून पाण्याच्या टबात बुडवायची आणि बुडबुडे येतात का ते बघायची. जिच्यातून बुडबुडा निघाला ती रिंग बाजूच्या ढिगात जायची. माझ्यातून एकही निघाला नाही. केवढा ताठा आला होता मला त्या दिवशी! आता वाटतं, एखादा बुडबुडा तेव्हाच निघाला असता तर बरं झालं असतं.

मला ज्या खोक्यात भरलं त्यावर एका बाईचं चित्र होतं. बिछान्यावर पडून ती छान हसत होती. बिछान्यावर पडलेलं इतकं हसरं माणूस पुढे उभ्या आयुष्यात मला भेटलं नाही. औषधांच्या दुकानात वरच्या फळीवर, कुबड्या आणि शेकायच्या पिशव्यांच्या शेजारी मी सहा महिने काढले. मग एके दिवशी एक वहिनी आल्या आणि त्यांनी सासऱ्यांसाठी मला घेतलं.

हे सासरे म्हणजे निवृत्त हेडक्लार्क. त्यांना मूळव्याध होती. खुर्चीवर बसायची वेळ आली की ते असं तोंड करायचे, जणू सगळ्या जगाने मिळून त्यांच्याविरुद्ध कट केलाय. पहिल्या दिवशी माझ्यावर बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "सूनबाई, स्वर्ग स्वर्ग म्हणतात तो हाच." झालं! मला आभाळ ठेंगणं झालं. येणाऱ्याजाणाऱ्याला आजोबा माझं कौतुक सांगायचे, आणि ऐकणाऱ्याला ते नको त्या तपशिलासकट ऐकावं लागायचं.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला हवी होती. आजोबा माझ्यावर सलग दहा मिनिटं कधी बसलेच नाहीत. खाली कोण भांडतंय ते बघायला उठ, फोन घ्यायला उठ, वहिनींनी चहात साखर किती घातली ते तपासायला उठ. दिवसभर त्यांची उठबस चालायची. त्यांना आराम पडायचा तो माझ्यामुळे की या उठबशीमुळे, हा प्रश्न मला शिवलाही नाही. चार वर्षांनी आजोबा गेले, पिकलं पान गळावं तसे. मूळव्याधीवर कमावलेलं नाव घेऊन मी वहिनींच्या कपाटात जाऊन पडले.

त्याच इमारतीत तळमजल्यावर मास्तर राहायचे. मास्तर म्हणजे शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. कापड चिमटीत धरून ते सांगायचे की हे धुतल्यावर किती आटेल, आणि ते तेवढंच आटायचं. काकू म्हणजे त्यांची बायको. काजं, बटणं, तुरपाई सगळी काकूंकडे. पस्तीस वर्षं दोघं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून शिवत आली. दिवसातून दहा वेळा भांडायची, पण भांडणही सुईत दोरा ओवता ओवता. हात कुणाचेच थांबायचे नाहीत.

एका सकाळी कोटाची बाही बेतता बेतता मास्तरांच्या हातातली कात्री पडली, आणि पाठोपाठ मास्तर. लकवा. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला डावा हात आणि दोन डोळे. दवाखान्यातून घरी सोडताना तिथल्या नर्सने काकूंना दाराशी गाठून दोन गोष्टी सांगितल्या. दर दोन तासांनी यांची कूस बदला, आणि अंगाखाली चादरीला सुरकुती पडू देऊ नका, कातडी जाते.

काकूंनी दोन्ही गोष्टी पदराला गाठ मारून आणल्या. मापं लिहायच्या पाटीवर त्यांनी खडूने वेळा लिहिल्या. आठला डावी कूस, दहाला उताणे, बाराला उजवी, दोनला पुन्हा डावी. पण उजव्या कुशीवर घेतलं की मास्तर कण्हायचे. लुळा खांदा दुखायचा त्यांचा. तोंडातून शब्द फुटायचा नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी यायचं. काकूंचा जीव तुटायचा. "झालं हो, झालं, एवढंच," असं पुटपुटत त्या स्वतःही रडायच्या.

अशा वेळी वरून वहिनी मला घेऊन खाली आल्या.

"काकू, ही घ्या. आमच्या मामंजींना हिने काय आराम दिला म्हणून सांगू! हिच्यावर माणूस असलं की सारखं हलवायला नको."

हे शेवटचं वाक्य वहिनींना कुणी सांगितलं कोण जाणे. मामंजींना हलवायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. मनात काही काळंबेरं नव्हतं त्यांच्या. चांगली बाई. चांगुलपणाच्या भरात बोलून गेली. मीही फुगून ऐकत राहिले.

काकूंना तर बुडत्याला काडीचा आधार मिळाला. त्यांनी मला मऊ मलमलीचं कव्हर शिवलं, कडेने नाजूक पायपिंग घातली. इतकं देखणं वस्त्र माझ्या जातीत कुणाला मिळालं नसेल. मग त्या चादरीच्या मागे लागल्या. नर्सची दुसरी गोष्ट त्यांच्या मनात पक्की बसली होती, कारण ती कापडाची होती आणि कापडातलं काकूंना कळत होतं. कडक इस्त्रीची चादर त्यांनी गादीवर ताणली आणि चारही बाजूंनी सुईदोऱ्याने गादीलाच टाचून टाकली. पक्के, जवळ जवळ टाके. हात फिरवावा तर काचेवर फिरल्यासारखा. मास्तरांचा डावा हातही तिच्यावरून फिरवून दाखवला त्यांनी. "बघा तरी, कुठं घडी सापडते का!"

आता कूस बदलायला गेलं की चादर गोळा व्हायची आणि टाके उसवायचे. दोन दिवस काकूंनी पुन्हा पुन्हा शिवून काढली. तिसऱ्या दिवशी त्यांनी चादरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मास्तरांच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि पाटीवरच्या वेळा फडक्याने पुसून टाकल्या. नर्सची एक गोष्ट पाळायला त्यांनी दुसरी मोडली होती. अशी चूक शिंप्याच्याच घरात व्हायची. आम्ही दोघींनी मिळून ती केली, मी आणि त्या चादरीने.

माणसाचा भार म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं. आजोबांचा भार यायचा आणि जायचा. मास्तरांचा आला तो उठलाच नाही. सकाळ-संध्याकाळ स्वच्छता करताना काकू त्यांची कंबर जरा उचलायच्या, पुसून घ्यायच्या, आणि पुन्हा तिथल्या तिथे मला सरकवून ठेवायच्या. माझ्या भोकाच्या बरोबर वर त्यांचं माकडहाड यायचं. मधे मोकळी जागा, म्हणजे हाडावर दाब नाही, असा सगळ्यांचा हिशेब. माझाही तोच होता.

आठवड्याने तिथे एक लाल डाग आला, कोटाच्या बटणाएवढा. काकूंनी तो पाहिला आणि त्या घाबरल्या. पण घाबरून हातपाय गाळणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. स्पिरिटमध्ये बोळा बुडवून त्यांनी तो डाग खसाखसा चोळला, वर पावडर मारली. रक्त साकळलंय, चोळलं की पांगेल, असं त्यांचं म्हणणं. शिवाय त्यांना वाटलं, रिंगेतली हवा कमी झाली असणार. फुंकून फुंकून त्यांनी मला टणक केलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मी टम्म फुगले आणि मास्तरांच्या कमरेला चहूबाजूंनी आणखी घट्ट भिडले.

त्याच सुमारास मास्तर डाव्या हाताने पलंगाची फळी वाजवायला लागले. टक टक, टक टक. काकू हातातलं टाकून धावायच्या.

"काय हो? पाणी हवंय? पंखा वाढवू? रेडिओ लावू का?"

मास्तर डोळे मिटायचे आणि पुन्हा वाजवायचे. पाणी झालं, चहा झाला, पंखा झाला, रेडिओवरची सगळी गाणी झाली. तुमची पाठ दुखतेय का, एवढं विचारायचं कुणाला सुचलं नाही. सुचणार कसं? पाठीखाली मी होते ना. मी ओरडू शकले असते तर ओरडले असते, पण मला तोंड एकच आणि त्यातून फक्त हवा येते.

त्यांची मुलगी दुसऱ्या गावाला असायची. तिचा रोज फोन यायचा.

"आई, बाबांची कूस बदलतेस ना गं वेळच्या वेळी?"

"अगं, आता रिंग आहे की. वरच्या वहिनींनी आणून दिली. अगदी शांत पडून असतात बघ. कण्हत पण नाहीत."

"बरं झालं बाई. तुझी तरी जरा ओढाताण कमी झाली."

भेटायला येणारी माणसं खुर्ची ओढून बसायची, चहा घ्यायची, चादरीकडे बघून माना डोलवायची. काकूंनी नवऱ्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलंय, असं सगळ्या इमारतीत झालं. काकू संकोचून म्हणायच्या, "माझं कसलं हो, करायचंच असतं." पण त्यांना बरं वाटायचं. दिवसभर राबणाऱ्या बाईला चांगला शब्द नको असतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मास्तरांच्या पाठीला खरोखरचा फोड आला तो तिसऱ्या आठवड्यात. चोळता चोळता एका सकाळी तो फुटला आणि कातडी बोळ्याबरोबर निघून आली. काकूंनी तोंडावर हात धरला. त्यांनी आणखी पावडर मारली. ओलीत पावडरीचे गोळे झाले, गोळ्यांनी आणखी टोचलं. मग खोलीला एक वास यायला लागला, तो जावा म्हणून फिनेलचं पाणी दिवसातून तीनदा फिरायला लागलं. आणि मग एके दिवशी जखमेवर काळी, जाड, सुकी खपली धरली.

खपली बघून काकूंना इतका आनंद झाला, इतका की त्यांनी मुलीला फोन केला. "खपली धरली गं! भरत आली जखम." मी खाली पडून ऐकत होते. खपलीखालून काय पाझरत होतं ते माझ्या मलमलीच्या कव्हरात मुरत होतं. मला ठाऊक होतं, ते भरणं नव्हतं. पण माझ्या ठाऊक असण्याला काय अर्थ?

महिना झाला तशी लघवीची नळी बदलायला दवाखान्यातून सिस्टर आली. पन्नाशीची, घरोघरचे जिने चढून उतरून दमलेली, पण नजरेची तिखट. नळी बदलून झाली आणि ती म्हणाली, "काकू, जरा यांना कुशीवर घेऊ या. पाठ बघते."

"नको हो सिस्टर, चादर चुरगळेल."

सिस्टर एकदम थांबली. "चादर?"

तिने गादीच्या कडेला हात लावला, टाके पाहिले, आणि टेबलावरची कात्री आणली. एका बाजूचे सगळे टाके तिने कापले. काकूंचं तोंड उतरलं. त्यांच्या शिवणीला कुणी असा हात लावला नव्हता. मग सिस्टरने मास्तरांच्या खांद्याखाली आणि कमरेखाली हात घालून त्यांना अलगद डाव्या कुशीवर वळवलं. खोलीभर वास पसरला. सिस्टरने वाकून पाठ पाहिली.

"किती दिवस झाले याला?"

"झाले असतील पंधरा-वीस. पण आता खपली धरलीय हो. सुकत आलीय."

"काकू, ही खपली नाही. हे मेलेलं मांस आहे. आत किती खोल गेलंय ते हे काढल्यावर कळेल." तिने मला दोन बोटांनी बाहेर ओढलं. "ही कुणी दिली?"

"शेजारणीने. चांगली असते म्हणून..."

"आणि चोळलंत का वरून?"

"रोज. दोन वेळा, न चुकता." काकूंच्या आवाजात अजून थोडी आशा होती, आपण काही कसूर केली नाही अशी.

सिस्टरने कपाळाला हात लावला. मग तिने टेबलावरचं रीळ घेतलं आणि काकूंच्या बोटाच्या मधल्या पेरावर दोऱ्याचे दोन वेढे घट्ट आवळून धरले. "बघत राहा," ती म्हणाली. काकू बघत राहिल्या. बोटाचं टोक आधी लाल झालं, मग जांभळं, मग गारठून गेलं.

"टोकाला मी हात तरी लावलाय का? नाही ना? दोरा खाली आहे. पण रक्त वर जाईल कुठून? ही रिंग तेच करते. मधे भोक असतं खरं, पण कडेने सगळं आवळून धरते. माणूस उठून बसणारा असेल तर निभावतं. हिच्यावर महिनाभर एका जागी पडला तर कातडी मरते. आणि लाल झालेल्या जागी चोळायचं नसतं, आत जे जेमतेम जिवंत असतं तेही फाटतं. बोटाने दाबून बघायचं फक्त. दाबलं आणि लाली क्षणभर गेली नाही, की समजायचं, इथला भार आत्ता, या घडीला काढायला हवा."

सिस्टरने दोरा सोडवला. काकू बोटाकडेच बघत होत्या. रंग हळूहळू परत आला. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "मला वाटलं, यांना त्रास नको."

सिस्टर त्यांना रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं असं मला वाटलं. तिने उशा मागवल्या. पाठीशी एक, म्हणजे माणूस अर्ध्या कुशीवर राहील. गुडघ्यांच्या मधे एक. पिंढऱ्यांखाली एक, टाचा अधांतरी. ओढायचं नाही, उचलायचं. अंग ओलं ठेवायचं नाही. अंडं, दूध, जे गिळता येईल ते भरपूर. आणि दर दोन तासांनी कूस, काही झालं तरी.

मला तिने कोपऱ्यात भिरकावलं होतं. ती गेल्यावर काकूंनी मला उचललं, कव्हर काढून फेकून दिलं आणि पलंगासमोरच्या खिळ्याला टांगलं. रोज दिसेन अशी. शिक्षा मला होती की त्यांनी स्वतःला दिलेली, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

त्या दिवसापासून काकूंनी जे केलं ते मी खिळ्यावरून पाहिलं. पाटीवर पुन्हा वेळा आल्या. एकही वेळ चुकली नाही, रात्र नाही की दिवस नाही. मास्तर कण्हले तरी त्या थांबायच्या नाहीत, ओठ दाबून कूस बदलायच्या. सिस्टर दिवसाआड येऊन मेलेलं मांस कापून काढायची, पट्टी भरायची. पण हे सगळं वरातीमागून घोडं. काळा थर निघाला तेव्हा आत मूठ मावेल एवढा खड्डा होता आणि तळाशी पांढरं हाड दिसत होतं.

एका दुपारी मास्तरांना वळवून झाल्यावर काकू त्यांच्या तोंडासमोर जमिनीवर बसल्या.

"अहो, तुम्ही फळी वाजवत होतात, ते याच्यासाठी होतं का?"

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले.

"मी पाणी विचारायचे. चहा विचारायचे. ते याच्यासाठी होतं का हो?"

हो म्हणून मान हलली असती तरी चाललं असतं. नाही म्हणून हलली असती तर काकू आयुष्यभर त्या एका नाहीवर जगल्या असत्या. मास्तरांनी काहीच केलं नाही. तापाने त्यांचे डोळे लाल झाले होते, आणि त्यांना प्रश्न कळला की नाही हेही सांगता येत नव्हतं.  काकू घड्याळात बघून उठल्या.

सिस्टर आल्यापासून बाविसाव्या दिवशी, सकाळी साडेदहाला, मास्तर गेले. जखमेतलं विष रक्तात भिनलं, डॉक्टर म्हणाले. बारा वाजता काकूंनी सवयीने पाठीमागची उशी उचलली आणि मग खाली ठेवली.

लोकांना काकूंनी न्यूमोनिया सांगितला. छातीत कफ भरला म्हणाल्या. मुलीलाही तेच सांगितलं. जखम भरत आलीय असं ज्या तोंडाने फोनवर सांगितलं होतं, त्या तोंडाने दुसरं काय सांगणार? मास्तरांची बहीण आली होती. भरल्या घरात काकूंना जवळ घेऊन ती म्हणाली, "किती केलंस गं तू त्याचं! दादाने स्वतःच्या कातड्याचे जोडे करून तुझ्या पायात घातले असते, तरी फिटलं नसतं."

म्हण म्हणून बोलली ती, सगळे बोलतात तशी. काकू उठून आत गेल्या आणि बराच वेळ मोरीत पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर सगळे म्हणाले, बिचारी.

दोन महिने गेले. दुकान बंदच होतं. एका दुपारी काकूंनी मला खिळ्यावरून काढलं, टेबलावर ठेवलं आणि कात्री घेतली. मोठी, मास्तरांची बेतायची कात्री. मला अजिबात भीती वाटली नाही. उलट मनात म्हटलं, काकू, उशीर नको, एकदाच आरपार जाऊ दे. पात्याची धार माझ्या कडेला लागली होती.

तेवढ्यात दार वाजलं. वहिनी होत्या, धापा टाकत.

"काकू, आमची आई पडली हो. माहेरची आई. कमरेचं हाड मोडलंय, ऑपरेशन झालं, आजच घरी आणलीय तिला माझ्याकडे. उठवायचं नाही म्हणालेत. ती रिंग आहे ना तुमच्याकडे? मास्तरांना केवढा उपयोग झाला होता!"

काकूंच्या हातातली कात्री तशीच राहिली. त्यांचं तोंड उघडलं. मी जीव मुठीत धरून वाट बघत होते. एक वाक्य हवं होतं फक्त. नेऊ नकोस, हिच्यावरच माझ्या नवऱ्याची पाठ सडली. पण ते वाक्य या दारातून बाहेर पडलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत फिरणार, उद्या मुलीच्या कानावर जाणार. न्यूमोनिया खोटा ठरणार. तळहातावरचा फोड खोटा ठरणार. आणि काकूंकडे त्याखेरीज आता उरलंच काय होतं? रिंग तर वहिनींचीच. त्यांची वस्तू त्यांना नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं?

"थांब," काकू म्हणाल्या. "धुऊन देते."

साबण लावून, घासून घासून त्यांनी मला धुतलं.  वहिनी दारातून वळल्या तेव्हा काकू मागून घाईघाईने म्हणाल्या, "अगं, एकाच कुशीवर ठेवू नकोस हं आईला. सारखी फिरवत जा."

"छे हो काकू, रिंग आहे ना!" वहिनी हसल्या आणि जिना चढू लागल्या.

आज मला इथे सहावा दिवस. माझ्यावर वहिनींची आई आहे, पंच्याहत्तरीची, हलकीफुलकी, अंगावर मांस नावाला. मास्तरांना वाचा नव्हती. या आजींना आहे.

"अगं, मला जरा वळव गं. खाली काहीतरी रुततंय."

"आई, ती रिंग आहे. चांगली असते ती. तू हलू नकोस, हाड जुळतंय तुझं."

आजी गप्प होतात. लेकीला किती कामाला लावायचं म्हणून गप्प होतात. कालपासून त्या फारसं म्हणतही नाहीत, आणि त्यामुळे घरात सगळ्यांना वाटतंय की त्यांना आराम पडला. त्यांच्या पाठीवर काल लाली आली. माझ्याखेरीज ती कुणी पाहिलेली नाही. कातडी अजून फाटलेली नाही. दोन दिवस आहेत हातात, फार तर तीन. आज कुणी मला काढून फेकलं आणि आजींना कुशीवर घेतलं, तर ती लाली आपसूक जाईल, काही उरणार नाही मागे.

हे वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरी असं कुणी पडलं असेल तर आत्ता उठा. हे पान मिटा आणि जा. त्यांना विचारू नका काय हवंय, ते पाणीच सांगतील. त्यांना कुशीवर घ्या आणि पाठ बघा. माझं नाव कुणी चांगलं घेतलं तर ऐकू नका. मला दाराबाहेर ठेवा, पण कुणाला देऊ नका. कापा, म्हणजे कुणी मागायला येणार नाही.

मी हे सांगतेय खरी, पण या घरात ते ऐकू येत नाही. इथे ते सांगू शकेल असं एकच माणूस आहे. काकू रोज दुपारी जिना चढतात. त्यांच्या चपलांचा आवाज मी ओळखते. परवा त्या आत आल्या, आजींच्या उशाशी बसल्या, चहा घेतला, पांघरुणाकडे बघत राहिल्या आणि "येते" म्हणून गेल्या. काल दारापर्यंत आल्या. बाहेर बराच वेळ उभ्या होत्या. आज मी सकाळपासून कान देऊन होते. दुपारी चपला वाजल्या, एक एक पायरी चढत आल्या, अर्ध्या जिन्यात थांबल्या, आणि खाली उतरून गेल्या.